तिसरी पिन

२२ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू खुशाल असशील असं धरून चालते. आई बरी आहे. आणि आज सकाळी आपल्या वर्कशॉपमध्ये जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही!

करवत मशीन चालू होतं. माझा हात त्याच्या लोखंडी टेबलावर. एकदम खट्! मशीन गप्प. वायरमनबाई कोपऱ्यात शेवटचा बोर्ड लावत होत्या, त्या धावत आल्या. मशीन उघडलं तर आतली तार घासून उघडी पडलेली, थेट पत्र्याला टेकलेली!

"हाताला मुंग्या तरी आल्या?"

"काहीच नाही!"

दादा, मी तिथल्या तिथे उड्या मारल्या. बाईंनी अर्थिंगचा अलीकडे कोरडा पडलेला खड्डा नव्याने भरलाय, आणि वीज जरा गळाली की क्षणात तोडणारा स्विच बसवलाय. शॉक बसतो का म्हणून मशीनला आधी उलटा हात लावून बघायचे दिवस संपले!

मग त्यांनी विचारलं, "सॉकेटचं वायरिंग कुणाचं हो? मी त्याला हातही लावला नाही. प्रत्येक ठिकाणी अर्थची तार नीट आणलीय."

बाबा म्हणाले, "माझ्या मुलाचं. त्यापायीच माझी ही बोटं गेली."

"ह्या वायरिंगपायी? शक्यच नाही."



आता लिहितेच. सहा वर्षांपूर्वी मला ड्रिल मागच्या अंगणात हवं होतं आणि एक्स्टेंशन होतं दोन भोकांचं. मी पकडीनं ड्रिलच्या प्लगची तिसरी पिन मोडली. अर्थिंगची. काम झालं, ड्रिल जागेवर ठेवलं, कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ड्रिलमध्ये वीज उतरली आणि ते बाबांच्या उजव्या हाताला चिकटलं. ते दवाखान्यात असताना, तू ड्रिल तपासायच्या आत, मी प्लग बदलून टाकला. घाबरले होते रे. पुढे बाबा तुला नको नको ते बोलले, तू बॅग भरलीस, आणि माझं तोंडच उघडेना.

आज उघडलं. बाईंसमोरच.

बाबा म्हणाले, "मी त्याला हाकललं, तेव्हा तू दारात उभी होतीस."

"हो."

ते ओरडतील असं वाटलं होतं. पण ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, "पत्ता आहे त्याचा?"

"आहे."

"मग लिही. खाली माझ्यासाठी जागा सोड."

माफी पत्रात मागत नाही. समोर उभी राहून मागेन. तू रागावलास तरी चालेल, पण इथे येऊन रागाव!

तुझी गुन्हेगार,
छोटी

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून घे. त्या वेळी मी तुला एकदाही काही विचारलं नाही, नुसता बोलत सुटलो. गाडी कितीची ते कळव. स्टेशनवर मी येतो.
बाबा