वीस गुणांचं उत्तर

उदगीर, २० जून १९८६

प्रिय रामकिशन,

किनवटच्या आश्रमशाळेत तुला कारकुनी मिळाल्याचं कळलं. चांगलं झालं असं लिहायला हात धजत नाही. आपल्या दोघांत वकील व्हायला जन्मलेला तू, आणि सनद मिळणार मला. काल निकाल लागला. मालमत्ता कायद्याच्या पेपरात मी कॉलेजात पहिला आलो.

लातूरच्या खोलीत माझी उत्तरं वाचून तू कपाळावर हात मारायचास. मी पाठ केलेली सगळी कलमं ओतायचो आणि मूळ प्रश्न त्यात बुडून जायचा. "कलम सगळ्यालाच पाठ हाय विरू, माणसाचं काय झालं ते लिही," म्हणायचास. आधी वाद नेमका कशाचा ते, मग कायदा, मग तो कायदा या माणसांना लावून दाखवायचा, आणि शेवटी कच न खाता निष्कर्ष. प्रश्नातले क आणि ख डोळ्यांपुढे येत नसतील तर गावातली माणसं धर, ही युक्तीही तुझीच. दुसऱ्या वर्षी पुस्तकं मला देऊन तू गावी गेलास, कारण विहिरीवरची तुमची सोमवार-गुरुवारची पाळी आमच्या अप्पांनी बंद केली होती. दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, आणि "विहीर आपली हाय, पाणी बी आपलंच" असं अप्पा म्हणू लागले. तुझ्या वडिलांना, दगडोबाकाकांना, दावा लावावा लागला.

एप्रिलमध्ये पेपरात तोच प्रश्न आला, वीस गुणांचा. क ची विहीर, ख तीस वर्षं पाणी घेतो, क अडवतो. मी क च्या जागी अप्पांना धरलं, ख च्या जागी काकांना, आणि पेन थांबलंच नाही. वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्क म्हणून पाणी घेतलं तर तो हक्क होतो. परवानगीनं घेतलं तर होत नाही. प्रश्नातल्या ख नं कधी परवानगी मागितली नव्हती. तुमच्याकडेही कुणी मागितली नव्हती. तारामतीकाकू पाळीच्या दिवशी सरळ येऊन मोटर चालू करायच्या. ख जिंकतो, असं लिहून मी खाली रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात उदगीरच्या कोर्टात मी साक्षीला उभा राहिलो. समोर अप्पा बसले होते. दगडोबा दरवर्षी अप्पांना विचारूनच पाणी घेत, असं मी शपथेवर सांगितलं. कोणत्या वाक्यानं दावा पडतो हे मला तुझ्यामुळेच ठाऊक होतं. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता रे. पोरगं विसरलं असेल, असंच त्यांना वाटलं असावं. त्या नजरेनं माझं अन्नपाणी तोडलंय.

दोन जूनला दावा फेटाळला. पुढच्या बाजारात काकांनी बैल विकले. मी आडतीच्या आडोशाला उभा होतो, पुढे झालो नाही. पाऊस अजून नाही.

अपिलाला तीस दिवस असतात, त्यातले अठरा गेले. नवा जिल्हा झाल्यापासून उस्मानाबादला खेटे घालावे लागत नाहीत, अपील लातूरलाच होतं. हे पत्र तुमच्या वकिलाला दे. अक्षर माझं, सही माझी. मी कोर्टात खोटं बोललो, हे पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. सनद हाती येण्याआधीच जाईल, अप्पा घरात घेणार नाहीत, आणि एवढं करूनही बैल परत येणार नाहीत. वाद, कायदा, माणसं, सगळं वर लिहून झालं. निष्कर्ष तेवढा राहिला होता. पाणी तुमचं होतं.

तुझाच,
विरूपाक्ष रेवणप्पा