हानच्या आईची मुळी

आखनजवळ, १९ जुलै १९६५

ती. स्व. सौ. वसुधावहिनी यांस,
श्रीरंगचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी एकटीनं वाचा, मग दादाला किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा. इथल्या जर्मन कॉलेजच्या प्राक्टिकुमसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामासाठी, मी कोळशाच्या खाणीत आलोय हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या सोमवारी खाली आमच्या डोक्यावरचं छत कोसळलं. माझ्या जोडीला हान नावाचे कोरियन गृहस्थ असतात. त्यांनी माझी कॉलर धरून मागे ओढलं, म्हणून आज हे लिहितोय. दोघांनाही नुसतं खरचटलं. हान मूळचे शाळामास्तर, वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहतात.

पण वहिनी, तेव्हापासून मी खाली उतरलेलो नाही. रोज खाली नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी जातो, पाय लटपटतात, आणि पोट बिघडलंय असं मुकादमाला सांगून परत येतो. हानही वरच आहेत, त्यांच्या हाताला पट्टी आहे. खाणीची भीती वाटणारा मायनिंग इंजिनियर कोणाला हवाय? परत यावं म्हणतो. दादानं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय, त्याची समजूत तुम्हीच काढू शकाल.

तुमचा लाडका, पण सध्या भित्रा,
श्रीरंग

*

आखनजवळ, २५ जुलै १९६५

ती. स्व. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आतच हे दुसरं. आज जे जेवलो ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

आज इथे मरणाचं उकडतंय. अशात हाननी स्वयंपाकघरात भलंमोठं पातेलं चढवलं. त्यांच्याकडे म्हणे उन्हाळ्यातले तीन सर्वांत कडक दिवस ठरलेले, आणि त्या दिवशी उकळतं सूप प्यायचं. मी म्हटलं, माणसं वेडी आहेत. मग त्यांनी माझ्यापुढे वाडगा ठेवला.

वहिनी, एका माणसाला एक अख्खी कोंबडी! लहानशी, तलंगीएवढी, पाय एकमेकांत अडकवून मांडी घालून बसवलेली. पोटात चिकट भात, लसूण आणि सुकी बोरं. रस्सा पांढराशुभ्र, अगदी तुमच्या पांढऱ्या रश्श्याच्या रंगाचा, पण त्यात ना खोबरं ना खसखस. मीठसुद्धा नाही, ते बाजूला ठेवलेलं, आपल्या जिभेनं घालायचं. चमचा लावला की मांस हाडावरून आपोआप सुटतं. पहिल्या घोटाला वाटलं, यात काहीच नाही. तिसऱ्या घोटाला कान गरम झाले. मग असा घाम फुटला की शर्ट पिळावा लागला, आणि अंग हलकं झालं. इतक्या साध्या पाण्यात एवढं काय असू शकतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आल्झो, तळाशी एक मुळी होती. हातपाय फुटलेला छोटा माणूसच जणू. पानात काही टाकायचं नाही हे आपल्या घरचं वळण, म्हणून मी तीही चावून खाल्ली. आधी कडू, मग ज्येष्ठमधासारखी गोडसर. मान वर केली तर हान माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या वाडग्यात मुळी नव्हती. मग समजलं की ती एकच होती. निघताना त्यांच्या आईनं फडक्यात बांधून दिली होती आणि सांगितलं होतं, पायातलं बळ जाईल त्या दिवशी उकळून घे. दीड वर्ष त्यांनी ती जपली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसून म्हणाले, शाबास, मुळी संपवायचीच असते.

उद्या उतरून बघतो. ज्या माणसानं एवढं खाऊ घातलं त्याला पोट बिघडलंय असं कुठल्या तोंडानं सांगू?

आशीर्वाद असतोच, या खेपेला जरा जास्त पाठवा.

श्रीरंग

*

कोल्हापूर, ४ ऑगस्ट १९६५

चि. श्रीरंगभावोजी यांस,
वसुधाचे अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पाठोपाठ आली. यांना दुसरंच वाचून दाखवलं, पहिलं माझ्या ट्रंकेत आहे. ऐकून झाल्यावर हे म्हणाले, बाजारात अख्खी तलंग मिळते का बघ. तर रविवारी तुमच्या मास्तरांचा रस्सा आमच्याकडे होतोय. मुळीविना होईल तसा होवो. पण ते आल्झो की काय, ते आमच्या पत्रात आणू नका बाई, मला औषधाचं नाव वाटलं.

आता एक विचारते. भावोजी, तुम्हीच लिहिलंत की दोघांना नुसतं खरचटलं. मग आठवडाभर पट्टी कशाची? छत काय तुमच्या एकट्याच्या डोक्यावर होतं? तुमचं पोट बिघडलं, तसा त्यांचा हात बिघडला असणार. फडकं सोडलं ते त्यांनी स्वतःसाठी, आणि वाढताना तुमचा चेहरा बघून हात वळला असेल.

मटणाची नळी कोणाच्या ताटात पडली एवढंच जेवणाऱ्याला दिसतं. नळीवरून तुम्ही आणि हे हमरीतुमरीवर यायचात, तेव्हा सासूबाई म्हणायच्या, मला बाई नळी आवडतच नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते खरं वाटलं होतं. आता मीही तेच सांगते.

यायचं तर खुशाल या, दार उघडंच आहे. पण त्या माणसाला तिथे वर एकटं उभं करून येऊ नका.

तुमच्या खुशालीकडे डोळे लावून बसलेली,
वहिनी

*

आखनजवळ, २२ ऑगस्ट १९६५

ती. स्व. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आल्झो म्हणजे आपलं ‘तर’, आता पुन्हा लिहिणार नाही. मी त्याच सोमवारी उतरलो, आणि रोज उतरतोय. पिंजऱ्यात शिरताना इथे एकमेकांना ‘ग्लुक आउफ’ म्हणतात, सुखरूप वर या असं. मला ते म्हणायला हान रोज पिंजऱ्यापर्यंत यायचे, हाताला पट्टी बांधून. आणि मी गाढव, मला काही दिसलं नाही.

तुमचं पत्र त्यांना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी पट्टी सोडली. खाली काहीही नव्हतं. म्हणाले, “मुळी एक, घाबरलेले दोघं. मास्तर असून मला भागाकार जमला नाही, म्हणून सगळी तुला दिली.”

मी आणि ते, दोघंही रडलो. सांगायला लाज कसली?

काल कसायाकडून हाडं आणली आणि आज तुमचा पांढरा रस्सा केला. खोबरं कुठलं, बदामावर भागवलं. हान प्यायले, डोळे मिटले, आणि तुम्ही कोण, कुठे राहता, सगळं पुन्हा एकदा विचारलं. नळी एकच निघाली होती, ती मी त्यांच्या वाडग्यात घातली. त्यांनी वाकून माझ्या वाडग्यात पाहिलं आणि विचारलं, तुला?

मी म्हटलं, मला नळी आवडतच नाही.

उद्या आम्ही दोघं एकाच पिंजऱ्यातून उतरतोय. माया आहेच, ती यापुढे दोघांवर वाटून असावी.

आपला,
श्रीरंग