उपवासाच्या आठवड्यातलं अंथरूण

पादोवा, इटली
मे महिना

लाडक्या आईला वेरोनिकाचा दोन्ही गालांवर पापा.

मी बरी आहे. मी इथे सांभाळते त्या इर्माआजी आता माझ्याच हातून जेवतात. आपली गाय व्याली का?

आज सकाळी माझी पाळी आली. म्हणजे यंदाही नाही. फोनवर तू म्हणालीस, "अगं, एकदा तपासून तरी घे!" आई, मी केव्हाच तपासून घेतलंय. दोष माझ्यात नाही, तुदोरमध्येही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगावरून जाणारं पाणी अंड्यातल्या पांढऱ्यासारखं नितळ आणि चिकट झालं, ताणलं तर तार धरू लागलं, की तेच दिवस. अंडं सुटलं की जेमतेम दिवसभर टिकतं. मग नवरा जवळ येऊन उपयोग नाही."

मला रजा मिळते फक्त ईस्टरला. यंदा ते दिवस नेमके ईस्टरच्या आधी, सात आठवड्यांच्या उपवासातल्या शेवटच्या आठवड्यात आले. उपवासात नवरा-बायकोनं जवळ यायचं नसतं, म्हणून तू माझं अंथरूण तुझ्या खोलीत घातलंस आणि तुदोरला म्हणालीस, "जावईबापू, उपवास सुटू दे. बायको काही पळून जात नाही!" सगळे हसले, मीही हसले. मग सणाच्या पावासाठी अंडी फोडताना मला रडू फुटलं. तुला वाटलं, चुलीचा धूर.

ईस्टर झाला, तुदोर जवळ आला, पण वेळ टळून गेली होती. सोमवारी माझी परतीची बस.

त्याला काही बोलू नकोस. पुढच्या वर्षी माझं अंथरूण त्याच्याच खोलीत घाल.

आणि आई, माझा वाढदिवस डिसेंबरात असतो. नऊ महिने मागे मोजून बघ. तेव्हाही ईस्टरचा उपवासच चालू असतो.

तुझीच पोर,
वेरोनिका