कुसुमताईंची सही

मंगळवार, संध्याकाळ

औरंगपुऱ्यातल्या वकीलबाईंनी आज मी घेणार असलेल्या फ्लॅटचे कागद परत दिले. म्हणाल्या, "फ्लॅट विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर होता. त्यांना मुलगीही आहे. तिची सही कुठंय?" फ्लॅट विकणाऱ्या जाधवभाऊंना फोन केला तर हसले. "बहीण काय नाय म्हणत नसती, मॅडम."

तरी मी त्यांच्या बहिणीकडं गेलेच. कुसुमताई गुलमंडीमागं राहतात, शिलाई करतात. घर विकतायत हे त्यांना माझ्याकडून कळलं! मशीन थांबवून म्हणाल्या, "सही करीन की. पण भावानं एकदा येऊन विचारावं."

माझ्या अब्बांच्या घराच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली होती, ती न वाचताच. भाईजाननी कागद पुढं केला आणि मी पेन घेतलं. कुसुमताईंचं एवढं साधं वाक्य मला तेव्हा का सुचलं नाही?

जाधवभाऊंना कळवलं, आधी बहिणीकडं जा, मगच इसाराचे पैसे देते. ते चिडले. दुसरं गिऱ्हाईक बघतो म्हणाले. फ्लॅट गेला असं धरून मी चहा टाकला.

आत्ता त्यांचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "ताईकडंच बसलोय. सही करते म्हणती. पण निम्मा हिस्सा घेऊन."

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणाले, आणि फोन ठेवून एकटीच हसत बसले.