कापलेली झाडं उभी लिहिली

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, खोकलाही गेला. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नका.

माझं काम नेमकं काय, असं तुम्ही विचारलं होतं. झाडाच्या बुंध्याला टेप गुंडाळून घेर मोजायचा आणि त्यावरून झाडात किती कार्बन साठलाय ते काढायचं. आकडे मागच्या वर्षीशी जुळले की आमच्या कंपनीला जंगल राखून लाकूड काढत असल्याचं प्रमाणपत्र मिळतं.

गेल्या महिन्यात नदीकाठी गेले, तर मागच्या वर्षी मोजलेली, राखायची म्हणून ठरलेली एकशे बारा झाडं तिथे नव्हतीच. नुसते खुंट, तेही पालापाचोळ्याखाली झाकलेले. मी तसं अहवालात लिहिलं. साहेबांनी ते शांतपणे वाचलं.

"बाई, तुम्ही वाट चुकला असाल. मागचेच आकडे ठेवा."

"साहेब, मी ठोकलेले पत्र्याचे नंबर खुंटांवर अजून आहेत."

"मग पुढच्या हंगामाला तुमच्या जागी मी दुसरं कोणीतरी बघतो."

बाबा, मी मागचेच आकडे लिहिले आणि खाली सही केली. काल प्रमाणपत्र आलं. टाळ्या झाल्या, माझ्या हातात फुलं दिली. फोटो सोबत आहे. आईला दाखवा, तिला बरं वाटेल. बाकीचं तिला सांगू नका.

लहानपणी मी खोटं बोलले की तुम्ही मला जेवायला वाढायचात, पण दिवसभर बोलायचा नाहीत. या पत्राला उत्तर आलं नाही, तर मी पोस्टाला दोष देणार नाही.

तुमची,
ठकी