दिव्याने दिवा लावू नये

सप्तापूर, धारवाड
१८ मे २०२५

चि. भार्गवीस आईचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. धारवाडहून इथल्या इथं हुबळीला पाठवायला पाकीट मागितलं तर पोस्टातली मुलगी हसलीच.

इकडे सगळं ठीक. आप्पांचा गुडघा तसाच. वरच्या भाडेकरू पोरांनी पुन्हा टाकी वाहू दिली. कैऱ्या यंदा चांगल्या मिळाल्या. तुझ्या वाटणीची लोणच्याची बरणी भरून ठेवलीय, मेथी जास्त घालून.

आता त्या संध्याकाळचं. ईस्टरच्या आदल्या दिवशी तुझा बाप्तिस्मा होता. "आई, फक्त शेजारी उभी राहा," एवढंच तू मागितलंस, आणि मी आले. चर्चमधले दिवे मालवले. मोठ्या मेणबत्तीवर एक लहान पेटवली, तिच्यावर दुसरी, आणि उजेड एकेका रांगेतून पुढे यायला लागला. तू तुझी ज्योत माझ्यापुढे धरलीस आणि मी हात मागे घेतला. वर म्हणाले, "दिव्यानं दिवा लावू नये गं, अपशकुन असतो. काडेपेटी नाही काय इथं?" चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेला माझा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत गेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझ्या पलीकडे तुझ्या घराशेजारच्या मार्थाअक्का न पेटलेली मेणबत्ती घेऊन थांबल्या होत्या. त्यांच्या पुढची सगळी रांग माझ्यामुळे अंधारात. "इरली बिडरी," असू द्या हो, असं म्हणत त्यांनीच माझ्यासमोरून हात लांबवून तुझ्याकडून ज्योत घेतली. त्यानंतर तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

आई जुन्या वळणाची, आजीचे नियम पाळते, असं तुला वाटलं तर वाटू दे, असं मी महिनाभर मनाशी म्हणत होते. पण तू याच घरात वाढलीस. समईवर निरांजन पेटवून मी रोज आरती करते, हे तुला ठाऊक आहे. कसला नियम आणि कसला अपशकुन!

खरं सांगते. तुझं बाळ गेल्यावर तू आठ महिने खोलीचा पडदा उघडला नाहीस. मी सोळा सोमवार केले, दत्ताला नवस बोलले, काही झालं नाही. मार्थाअक्का नुसत्या येऊन तुझ्यापाशी बसायच्या. एक दिवस तू पडदा सारलास. मला त्यांचा मत्सर वाटला, भार्गवी. माझ्या देवघराला जमलं नाही ते त्यांना जमलं. पोर बरी झाली याचा आनंद सोडून मला हरल्यासारखं वाटलं. आईला असं वाटावं?

आप्पा रोज विचारतात, "पोरीचा फोन आला होता काय?" मी म्हणते, आला होता, तुम्ही झोपला होता. मग काय म्हणाली ते रचून सांगते. काल मात्र न राहवून त्यांना चर्चमधलं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यावर पोरगी काय म्हणाली?"

मी म्हटलं, "म्हणाली, राहू दे आई, मी विसरले."

त्यांनी डोळे पुसले. "बघ, मोठ्या मनाची आहे की नाही आपली पोरगी!"

तू असं म्हणाली नाहीस, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

तू म्हणशील तर तुझी,
आई