काचेचं टेबल, हिरवी वांगी आणि अर्जातला नववा रकाना

जळगाव,
बुधवार, २७ नोव्हेंबर

चि. लीलाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद, मोहिनीलाही. धुळ्यात थंडी पडली असेल. मफलर डोक्याला गुंडाळत जा, गळ्यात शोभेला लटकवू नकोस. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. माझ्या गुडघ्यांचं कळवायलाच हे पत्र आहे. (फोन का केला नाही, असं विचारू नकोस. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस.)

गेले नऊ दिवस आम्ही जमिनीवर बसून जेवतो आहोत. बसणं जमतं, उठताना आमचा ललित एका हाताला आणि त्याची नूतन दुसऱ्या हाताला, अशी रोज माझी मिरवणूक निघते. कारण नूतनचं जेवणाचं टेबल गेलं. काचेचं होतं. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, यावर हत्ती उभा करा. हत्ती आम्ही कधी उभा केला नाही. मी फक्त भरीत कुटलं.

झालं असं, की बाजारात हंगामातली पहिली लांबट हिरवी वांगी आली. झुंबरबाईने (आमची स्वयंपाकाची बाई, भडगावकडची) गच्चीवर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून ती खरपूस भाजली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही, हे तुला माहीत आहे. खाली आले तर फरशी नुकतीच पुसलेली. म्हणून टेबलावर टॉवेलची चौघडी घातली, वर बडगी ठेवली (लाकडाची, होडीसारखी, आपल्या आईची होती तशी), मिरच्या-लसूण टाकून दांडा हाणला. पाचव्या घावाला टेबल नाहीसं झालं. तडा नाही, इशारा नाही. सगळीकडे साबुदाण्यासारखे काचेचे दाणे, आणि मधोमध बडगी सुखरूप. झुंबरबाई कपाळावर हात मारून म्हणाली, “अक्का, काच गई ते गई, भरीत बठ्ठं वाया गयं!” घरात समजूतदार माणूस तेवढं एकच.

नूतन कामावरून आली आणि तिने सरळ केरसुणी घेतली. सून बोलली तर उत्तर देता येतं. केरसुणीला काय देणार?

मग तुझ्या हितेंद्रचा फोन. घराचा विमा त्यानेच आमच्या गळ्यात घातलेला. म्हणे, “आत्या, अपघाती नुकसान त्यात बसतं. क्लेम करून टाका.” अर्जही पाठवला. आता मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज ‘त्रुटी आढळल्याने परत’ असा शेरा मारून पाठवले. मला अर्जाची भीती नाही. पण नवव्या रकान्यात ‘नुकसानीचे कारण’ असं आहे. मी लिहिलं, ‘वांगी’. हितेंद्र म्हणाला, “आत्या, फुलदाणी पडली असं लिहा, लवकर मंजूर होतं.” मी त्याला असं फैलावर घेतलं, की फोन गरम झाला. भुसावळच्या मिशनच्या शाळेत सिस्टरांनी मला सात वर्षं जे शिकवलं, त्यात खोटं लिहिणं नव्हतं. शिवाय आमच्या घरात फुलदाणी नाही.

तर प्रश्न असा, की क्लेम करावा की नाही? माझं मत, करू नये. काच फुटण्यासाठीच असते. कंपनीचा अनोळखी माणूस येऊन माझं स्वयंपाकघर तपासणार, हेही मला खपत नाही. पण नूतन काल गोड आवाजात म्हणाली, “आई, क्लेम नको तर राहू द्या. खाली बसून जेवलेलं पचतं चांगलं.” तेव्हापासून मला काहीही पचत नाही.

मोहिनीला विचारलं म्हणून सांग. कळावे.

तुझी,
अक्का

ता. क. : ज्या वस्तूमुळे नुकसान झालं, तिचे चारही बाजूंनी आणि खालून फोटो लागतात. ते काढायला हितेंद्र रविवारी स्वतः येतो आहे. तो तुला सगळे फोटो दाखवतो, म्हणून हे पत्र आधी पोचावं एवढ्यासाठी स्पीड पोस्ट.

आणखी एक : वर ‘आईची होती तशी’ लिहिलं आहे. तशी नव्हे, तीच. बोदवडचं आई-आबांचं घर आवरताना तू मागितलीस, तेव्हा मी वाळवी लागली म्हणून सांगितलं. वाळवी लागली नव्हती. तुझ्या बारशाच्या वर्षी आबांनी करून घेतलेली, बुडाला तापल्या सळईने ‘ली’ कोरलेलं, ते अजून स्पष्ट वाचता येतं. नूतनने परवा उलटी करून विचारलं, “आई, हा ‘ली’ कोण?” मी म्हणाले, सुतार. अठरा वर्षं झाली, लीलाधर. दर हिवाळ्यात पहिला घास घेताना तुझी आठवण येते, आणि दुसऱ्या घासाला जाते.

शेवटचं : क्लेम करते आहे. नवव्या रकान्यात खरं ते लिहिलंय. फोटो झाले की बडगी हितेंद्रच्याच हाती धुळ्याला पाठवते. दांडा मात्र माझ्याकडे राहील. त्याच्यावर कुणाचंही अक्षर नाही.